फुकटचा आवाज

भोंगा वाजला आणि राघू हलला नाही. त्याची मोठी बहीण दचकली ती भोंग्यानं नव्हे. भोंगा आणि टेम्पो यांच्यामध्ये एक एवढीशी फट होती, श्वास आत घ्यावा आणि सोडावा एवढीच, आणि त्या फटीत तिचा धाकटा भाऊ चांगला तीस वर्षांचा बाप्या देवळातल्या खांबासारखा उभा होता. टेम्पोचा आरसा त्याच्या बाहीला घासला, तेव्हा कुठं तो बाजूला झाला. आणि झाला तोही कसा, तर रांगेत मागच्यानं 'जरा सरकता का' म्हटल्यावर माणूस सरकतो तसा, न दचकता, न रागावता. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "कानात बोळे घातलेत का रे?" "नाही," राघूनं सरळपणे सांगितलं, जणू त्याला खरोखरीच कुणी चौकशी केली होती. टेम्पो शिव्या देत निघून गेला. तिनं राघूला ओढून पायवाटेवर घेतलं. काळी झालेली त्याची बाही ती उगाच झटकत राहिली. "ऐकू नाही आलं तुला?" "आलं की." "मग?" "मग झालो की बाजूला," तो म्हणाला, आणि तिच्याकडं असं पाहिलं, जणू वेड तिलाच लागलं असावं. पुढं त्याची गल्ली आली. पुस्तकबांधणीच्या कारखान्याचं अर्धं शटर वर होतं, आतून खळीचा आंबूस वास येत होता. तो वाकून आत शिरला. ती तिथंच उभी राहिली.   काहीतरी सुरू झालंय, हे तिनं ओळखलं होतं.

कारण हे तिनं पाहिलं होतं. काल पाहिलं होतं, परवा पाहिलं होतं, वहीएवढ्या काचेतून, प्रयोगशाळेतल्या तिच्या कामाच्या खोलीत. पांढऱ्या उंदरांची ती खोली तळघरात होती, तिच्या छतावरून गरम पाण्याचे नळ गेलेले, त्यामुळे तिथं ऋतू असा नव्हताच, नुसता लाकडाच्या भुश्शाचा आणि अंगाचा ऊबट वास. मधोमध टेबलावर दोन खणांची पेटी, खणांमध्ये बुटका उंबरा. उंदराला एका खणात सोडायचं. आधी आवाज होतो, बारीक, एकसुरी. मग थोड्या वेळानं त्याच खणाच्या जाळीतून विजेचा हलका झटका येतो. शहाणा उंदीर काही दिवसांत शिकतो: आवाज झाला की उंबरा ओलांडावा, झटका टळतो. आणि औषध टोचलेला उंदीर? तो आवाज ऐकतो. कान टवकारतो, हे तिनं स्वतः पाहिलंय. आणि बसून राहतो. मिशा साफ करतो. झटका बसला की मात्र टुणकन पलीकडं. कान शाबूत, पाय शाबूत, आणि दोहोंमधला धागाच कुणीतरी अलगद काढून घेतलेला. मॅडम, म्हणजे तिथल्या प्रमुख, म्हणायच्या, "भिण्याची घाई गेली त्याची." तिला ते वाक्य तेव्हा गोड वाटलं होतं. भिण्याची घाई. तिच्या घरात ती घाई इतकी वर्षं नांदली होती, की ती जाते हेच नवल होतं. उंदरांना टोचायचं औषध आणि राघूची रोजची गोळी एकाच कुळातली आहेत, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण माणूस मनात दोन कपाटं ठेवतो, आणि किल्ल्या वेगवेगळ्या पदरांना बांधतो. आज टेम्पोच्या आरशानं दोन्ही दारं एकदम उघडली होती, आणि आत एकच उंदीर बसला होता.

आणि कारखाना सोमवारपासून हलणार होता. मालकाला मोठी जागा मिळाली होती, पण ती हमरस्त्याच्या पलीकडं. तिची कामाची वेळ आता लवकरची झालेली. सोमवारपासून राघूनं एकट्यानं जायचं, एकट्यानं तो रस्ता ओलांडायचा, असं घरात ठरून गेलं होतं. आईला त्याचा कोण आनंद. "माझं लेकरू एकटं कामाला जाणार," ती शेजारणीला सांगत सुटली होती. हमरस्ता म्हणजे चार पदरी वाहतं पाणी, त्याला सिग्नलचा बांध घातलाय म्हणायचं इतकंच. चालताना तिला तो रस्ता दिसत राहिला, त्यातला राघू दिसत राहिला, कान टवकारलेला, उभा. झटका बसेपर्यंत उभा. पेटीतला झटका हलका असतो. पेटीतल्या झटक्यानंतर उंदीर उरतो.

त्याला राघू म्हणायचे ते त्याच्या तोंडामुळं. लहानपणी दिवसभर टकळी. भिंतीशी बोलेल, चपलांशी बोलेल, जेवताना घासाशी बोलेल. आई म्हणायची, याच्या जिभेला हाड तर नाहीच, पण झोपही नाही. आणि मग विशीच्या उंबरठ्यावर कधीतरी लक्षात आलं, की तो बोलत नाही, उत्तरं देतोय. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, न्हाणीघरातल्या नळाला त्यानं कापूस कोंबलेला तिनं पाहिला, तेव्हा ती हसली होती. तिला वाटलं, नळ गळतोय. "गळत नाहीये," तो हळूच म्हणाला होता, "बोलतोय. आईबद्दल वाईट बोलतोय." ते हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, पाहुणा निघून गेल्यावर टेबलावर कप राहतो तसं. मग एकेक सांगायला नको असं. खिडकीच्या गजांना धरून त्याचं ते ओरडणं, "तिला सोडा, तिनं काही केलं नाही," आणि आई त्याच्या मागं उभी, धडधाकट, पोळपाट हातात घेऊन रडणारी. तेव्हा ती त्याला भ्याली होती. दुसऱ्या कशाला नव्हे, त्याला. आपल्या पाठच्या भावाला, ज्याचं नाक आपण पुसलंय त्याला, त्याच्या हातातल्या कात्रीला. ती भीती कुठं जात नाही. ती पाण्यासारखी खाली बसते, आणि वर सगळं नितळ दिसतं. गोळी सुरू झाली, आणि महिन्यामहिन्यानं आवाज लांब गेले. पूर्ण गेले नाहीत. दुसऱ्या आळीतलं भांडण ऐकू यावं तसे राहिले. राघू जाडावला, सुस्तावला, त्याच्या बोटांची थरथर चहाच्या बशीत ऐकू यायची. पण तो पुस्तकं बांधायला लागला. पाठीवर टाके घालायला, कडा कापायला शिकला. त्याच्या हातात पुन्हा कात्री आली, आणि कुणी भ्यालं नाही.

टेम्पोच्या त्या दिवशी तळघरात सगळेच उंदीर बसून राहिले. नवी तुकडी होती, पण पळायला शिकण्याइतके दिवस झाले होते. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं खारं पाणी, आणि कुणाला काय हे तिला माहीत नसायचं. बाटल्यांवर फक्त लाल आणि निळी चिकटपट्टी. नेहमी एक रंग पळायला शिकतो, एक बसतो. त्या दिवशी आवाज झाला, लालवाले बसले. आवाज झाला, निळेवालेही बसले. झटका, आणि मग सगळे टुणटुण पलीकडं, हूं की चूं न करता. काचेवर तिचा श्वास साचत होता. एरवी तिला वाईट वाटलं असतं, किंवा कंटाळा आला असता. आज ती काचेपासून हलली नाही. एकामागून एक पिंजऱ्यातून राघू निघत होते. इंजेक्शनं देणारा सहकारी, ज्याला सगळे सुईवाला म्हणत, तिच्या खांद्यावरून डोकावला. "संप पुकारलाय वाटतं," तो म्हणाला. "मागण्या काय आहेत बघा, वर कळवू."  मॅडम आल्या, चष्मा कपाळावर चढवून आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. "ही पाण्यावरची मंडळी का बसून आहेत?" "सगळ्यांना औषधच टोचलं असेल चुकून," ती म्हणाली. आपला आवाज तिला परका लागला. "मी?" सुईवाला उसळला. "बाई, माझी सुई बोथट असेल, डोळे नाहीत." मॅडम पेटीकडं वाकल्या. पेटीवरचा छोटा भोंगा त्यांनी बोटानं टकटकावला. "हा दुरुस्त झाला होता ना मध्ये? तपासला कुणी?" "मीच तपासला," ती म्हणाली. "मध्येच बंद पडायचा, म्हणून चालू ठेवून पाहिला. बरेच दिवस. घड्याळ लावून, थोड्या थोड्या वेळानं वाजेल असा." "कुठं?" या खोलीतलं बटण तेव्हा बिघडलं होतं. भोंगा तिनं पलीकडं ठेवला होता, याच तुकडीच्या पिंजऱ्यांच्या फळीवर.

मॅडम खाली बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "अगं," त्या म्हणाल्या, "फुकट ऐकवलास तू त्यांना तो आवाज. वाजला, काही झालं नाही. पुन्हा वाजला, पुन्हा काही नाही. ते काय शिकले? हा आवाज आपला नव्हे. ऐकून सोडून द्यायचा. आता त्याच आवाजामागं तू झटका लावलास, तर त्यांना पटायला वेळ लागणारच." "मग औषध?" तिनं विचारलं. "औषध? औषधही त्यालाच जोर देतं. सोडून द्यायला शिकवलेलं आणखी घट्ट होतं त्यानं. पण आता यात औषधाचं किती आणि तुझ्या भोंग्याचं किती, हे कोण वेगळं करणार? दुधात पाणी किती, ते ओतणारालाच ठाऊक, आणि इथं ओतणारीलाही नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "ही तुकडी गेली. नवी मागवू." सुईवाल्यानं बाटल्या गोळा केल्या. ती पिंजऱ्यांपुढं उभी राहिली. उंदीर जाळीला नाकं लावून तिला हुंगत होते. तिला ते ओळखत होते. हीच ती, जी येते, खायला घालते, आवाज करते, आणि काही होत नाही.

घरी येताना तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. अर्धी गोळी. कुणाला न सांगता, सोमवारपर्यंत, थोडी घाई परत येईल इतपतच. मॅडमचं बोलणं तिच्या कानावरून गेलं होतं पण खाली उतरलं नव्हतं. भ्यालेलं माणूस सोयीचं तेवढंच ऐकतं. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून तिनं गोळी पोळपाटावर ठेवली, सुरी हातात घेतली. एवढीशी पिवळी गोळी, मधोमध रेघ, जणू बनवणारानंच वाट काढून दिलेली. डॉक्टरांनी दर वेळी बजावलेलं असायचं, मला विचारल्याशिवाय कमीजास्त नाही, एकदाही नाही. सुरीचं टोक रेघेवर टेकलं, आणि कापूस कोंबलेला नळ तिच्या डोळ्यांसमोर आला. गज आले. इकडं पाहावं तर हमरस्ता, तिकडं पाहावं तर कात्री. आत बाहेरच्या खोलीत आई कपड्यांच्या घड्या घालता घालता गुणगुणत होती, तिचं जुनं, स्वतःच जुळवलेलं काहीतरी:

पाठच्या भावाला गं, देते सावलीचा शेला,
ऊन सरता सरता, शेला आखूडच झाला.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली. राघू दाराशेजारीच खुर्चीत बसला होता, मांडीवर वर्तमानपत्र. तो उठला नाही. घंटी पुन्हा वाजली. "अरे, दार!" आई म्हणाली. राघूनं मान वळवली, पण दाराकडं नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीतून त्यानं तिच्याकडं पाहिलं. वाट पाहावी तसं पाहिलं. आणि ती सुरी ठेवून बाहेर आली, विचारबिचार न करता, रोज येते तशी, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. राघू लगेच उठला, दार उघडलं, इस्त्रीवाल्याकडून कपडे घेतले, "काकांना उद्या या म्हणावं का आई?" असं नीट विचारलं, दार लावलं. तिचा हात हवेत तसाच राहिला होता. आपल्याच हाताकडं ती अशी पाहत राहिली, जणू तो कुणी दुसऱ्यानं तिथं ठेवला असावा.

"राघू," ती म्हणाली, "घंटी ऐकू आली होती तुला?" "आली की." "मग उठला का नाहीस?" त्यानं कपड्यांचा गठ्ठा खाली ठेवला. त्याला खरंच नवल वाटलं होतं. "तू हात कुठं लावला होतास?" "आणि सकाळी? टेम्पो?" "सकाळी तू पिशवीत किल्ली शोधत होतीस ना," तो म्हणाला. "भोंगा वाजला. मला वाटलं, खरा असेल तर ताई सांगेल. तू नाही सांगितलंस, म्हणून सोडून दिला." तो थोडा हसला. "तो खराच निघाला. लागतं कधी कधी असं."

तिला आठवलं, गोळी सुरू झाली तेव्हाचं दवाखान्याचं ते बाकडं. हिरव्या भिंती, फिनेलचा वास, आणि राघू तिच्या शेजारी, वाऱ्यात सापडलेल्या पानासारखा. ताई, यातला कुठला खरा ते मला कळत नाही गं. पंखा बोलतोय, ती नर्स बोलतेय, आणखी एक बाई बोलतेय, ती दिसत नाही. आणि तिनं, केवढी शहाणी, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं: सोप्पं आहे रे. मी हात लावला की खरा. नाही लावला तर ऐकू येऊ दे, सोडून दे. त्याची थरथर तिच्या तळव्याखाली थांबली होती. डॉक्टर जाता जाता म्हणाले होते, छान, सध्यापुरतं छान आहे. सध्यापुरतं हा शब्द कुठं गळून पडला, कोण जाणे. वर्षं गेली. घंट्या वाजल्या, फोन वाजले, हाका आल्या, तिचा हात पडला किंवा नाही पडला, आणि तिच्या हाताबाहेरचं सगळं जग त्याच्यासाठी फळीवरचा भोंगा होऊन गेलं. वाजतो, काही होत नाही. तिनं स्वयंपाकघरात जाऊन गोळी उचलली. अख्खी. पाण्याच्या पेल्याबरोबर त्याला दिली. गोळीचं किती आणि आपलं किती, हे तिला कळणार नव्हतं. आणि ही तुकडी गेली, नवी मागवू, असं म्हणायची सोय इथं नव्हती.

आईला तिनं सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "मग सोमवारी तूच जा त्याच्याबरोबर, सोमवारच कशाला, रोज जा. हात काय झिजतो का तुझा?" "आणि मी नसले तर?" "नसायला काय धाड भरलीये तुला!" आईनं बोटं मोडली, आणि लगेच डोळ्याला पदर लावला. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गोळी तशीच राहू दे, सवय सोडवा, हळूहळू, आणि तुम्ही भिऊ नका. शेवटचं वाक्य माणसं सहज बोलतात.

म्हणून सुटीच्या दिवशी, टळटळीत दुपारी, दोघं हमरस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. गर्दी कमी होती, म्हणजे गाड्या जास्त वेगात होत्या. "आज मी हात लावणार नाही," ती म्हणाली. राघूनं तिच्याकडं पाहिलं. "हात घरी ठेवून यायचं होतंस मग. आणलेस कशाला?" पण त्याचा चेहरा विनोदाबरोबर हलला नाही. "ताई, नको गं. तो हात आहे म्हणून मी बाहेर पडतो. नाहीतर मला कळणार कसं?" "वळून बघायचं. आवाज आला की डोळ्यांनी बघायचं. दिसलं तर खरं." "आणि दिसलं, पण खरं नसलं तर?"  तिनं हात पाठीमागं बांधले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट आवळून धरलं, चोर धरावा तसं. डावीकडून भोंगा आला. राघू एक पाऊल रस्त्यात होता. त्यानं तिच्या हातांच्या जागेकडं पाहिलं. तिथं काही नव्हतं. भोंगा मोठा होत आला, तिच्या दातांत वाजायला लागला, मनगटात तिची नखं रुतली, आणि तिला पेटीतला तो वेळ आठवला, आवाज आणि झटका यांच्यामधला, जो ती घड्याळावर नुसता मोजायची, आत बसलेल्याला तो केवढा असतो हे तिला कधी कळलं नव्हतं. राघूनं मान वळवली. पाहिलं. आणि एकदम मागं उडी मारली, इतकी जोरात की दिव्याच्या खांबावर आदळला. मोटार निघून गेली.

तो खांबाला धरून धापा टाकत होता. ओठ पांढरे पडले होते, कपाळावरून घामाची धार. "भीती वाटली," तो म्हणाला. "ताई, केवढी भीती वाटली." तिला आनंद व्हायला हवा होता. त्याच्या डोळ्यांत ती घाई परत आली होती, जिवंत, लखलखीत. आणि ती घाई तिनं आधी कुठं पाहिली होती, हेही तिला त्याच क्षणी दिसलं, गजांना धरलेल्या मुठींसकट. "आणि तो दुसरा?" राघू म्हणाला. "मागून आला तो? कुणीतरी नाव घेतलं." तिनं काही ऐकलं नव्हतं. घेतलंही असेल कुणी. ती तरी मोटारीखेरीज काय ऐकत होती? "मला माहीत नाही," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला हे सांगितलं. राघूनं खांब सोडला. मग त्यानं स्वतःच मागं वळून पाहिलं. बंद दुकानांची रांग, उन्हात पडलेलं कुत्रं. त्यानं बराच वेळ पाहिलं, बांधलेलं पुस्तक उलटून पालटून टाके तपासावेत तसं. "कुणी नाही," तो म्हणाला, तिला नव्हे. घाम पुसला, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, थांबला, एक बस जाऊ दिली, आणि चालायला लागला.

तो एकटा निघाला होता. तिचे पाय उचललेच नाहीत. आता तिला सगळं ऐकू येत होतं: लांबचा भोंगा, जवळचा भोंगा, टायर, ब्रेक, कुठंतरी शटर, कुणाची तरी शीळ, आणि प्रत्येक आवाज त्याच्याच रोखानं येत होता. राघू मध्यावर पोचला, तेव्हा दोघांमध्ये एक लांबलचक मालगाडीसारखा ट्रक आला. तो संपता संपेना. तिनं हाक मारली. लहानपणच्या त्या नावानं, सगळा जीव गोळा करून, "राघूऽऽ" अशी, की शेजारून जाणाऱ्या बाईनं थबकून पाहिलं.

ट्रक गेला. राघू पलीकडच्या कडेला होता. धडधाकट. तिच्याकडं पाठ करून, नव्या कारखान्याच्या बंद शटरवरची पाटी वाचत उभा. त्यानं हाक ऐकलीच नव्हती, की ऐकून, वळून पाहण्याजोगी नाही असं ठरवून, सोडून दिली होती? तिनं दुसऱ्यांदा हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.